विसर पडण्याच्याही आधी

संगणकाच्या पडद्यावर तीन आकृत्या उमटतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. दोन सेकंदांत त्या नाहीशा होतात, क्षणभर पडदा कोरा राहतो आणि पुन्हा तीन आकृत्या येतात. समोर बसलेल्या माणसाने एवढंच सांगायचं असतं की या मघाच्याच आहेत की काही बदललंय. कधी काहीच बदललेलं नसतं. कधी दोन आकृत्यांनी आपसांत रंग बदललेले असतात. आकार तेच, रंगही तेच; कोणत्या आकाराला कोणता रंग होता, ती जोडी मात्र मोडलेली असते.

मारिओ पारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी कोलंबियातल्या काही माणसांकडून करून घेतली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. या माणसांची कसलीही तक्रार नव्हती. ती कामावर जात होती, घर चालवत होती. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्यांत त्यांचे गुण इतरांइतकेच होते. नुसते आकार दाखवले तर ते त्यांच्या लक्षात राहत, नुसते रंग दाखवले तर तेही राहत. पण रंग आणि आकार यांची जोडी लक्षात ठेवायची वेळ आली की ती चुकत. अल्झायमरचं निदान झालेले त्यांचे नातलग जसे चुकत होते, जवळजवळ तशीच.

ही सगळी माणसं एका विशिष्ट जनुकीय बदलाची वाहक होती आणि त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकाला पुढे अल्झायमर होणार होता. विसराळूपणाची पहिली तक्रार होण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या मेंदूतलं एक बारीक काम बिघडायला लागलं होतं. आजार नेमका कधी सुरू होतो, हा प्रश्न या प्रकरणात घेऊन बसायचं आहे. त्याचं आज जे काही उत्तर आपल्याकडे आहे, त्याचा फार मोठा भाग या एकाच डोंगराळ मुलखातल्या कुटुंबांनी दिलेला आहे.

कोलंबियाच्या वायव्येला अँडीज पर्वतरांगांत अँतिओकिया नावाचा प्रांत आहे. मेडेयिन ही त्याची राजधानी. तिच्या उत्तरेला यारुमाल, अँगोस्तुरा, बेल्मिरा अशी डोंगरउतारांवरची गावं आहेत. दुभती जनावरं, शेती, मोठाली कुटुंबं आणि चर्चभोवती फिरणारं आयुष्य. जुन्या काळी एका घरात दहा-बारा मुलं असणं इथे नवलाचं नव्हतं. या गावांतल्या काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट घडत आली होती. पंचेचाळिशीच्या आसपास घरातला कर्ता माणूस तेच ते विचारू लागायचा, ओळखीच्या वाटेवर चुकायचा, पुढे बोलणं तुटत जायचं आणि साठीच्या आत तो अंथरुणातच संपायचा. लोक या दुखण्याला ‘बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. कुणी सांगायचं की एका विशिष्ट झाडाला हात लागला म्हणून हे झालं. कुणाला वाटायचं की कुण्या पूर्वजाने चर्चचे पैसे चोरले आणि पाद्र्याने दिलेला शाप अजून वंशाला भोवतोय.

फ्रान्सिस्को लोपेरा याच मुलखातला. लहानपण यारुमालमध्ये गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मेडेयिनमध्ये मज्जाविकारांचं शिक्षण घेत होता. तेव्हा त्याच्यासमोर बेल्मिराचा एक रुग्ण आला. वय चाळिशीतलं आणि लक्षणं मात्र म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाची. चौकशी केल्यावर कळलं की वडील, आजोबा आणि काही भावंडं याच वाटेने गेली होती. एवढ्या नोंदीवर तो थांबला असता तर वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला असता आणि विषय संपला असता. लोपेराने गाव गाठलं. मग शेजारचं गाव, मग त्यापलीकडचं. चर्चच्या दप्तरांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदी होत्या. त्या जुळवत वंशवृक्ष मागे मागे नेला, तेव्हा वेगवेगळ्या वाटणाऱ्या घराण्यांची मुळं अठराव्या शतकात एकत्र येत होती. आज या विस्तारित कुळात सुमारे ६,००० माणसं आहेत आणि त्यांपैकी सुमारे १,२०० जणांमध्ये तो जनुकीय बदल आहे. एका ठिकाणी एकाच बदलाचे इतके वाहक असणं ही जगात फार दुर्मीळ गोष्ट आहे.

हे काम कोणत्या काळात झालं, हेही सांगायला हवं. १९८०–९० च्या दशकांत मेडेयिन हे अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हिंसेने पोळलेलं शहर होतं आणि डोंगरांत गनिमी आणि निमलष्करी गटांचं राज्य होतं. रक्ताचे नमुने घ्यायला गावोगाव फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. लोपेराच्या गटातल्या एका परिचारिकेला सशस्त्र गटाने काही दिवस ओलीस ठेवलं होतं. ती सुटून आल्यावरही काम चालू राहिलं.

शाप नेमका कुठे आहे, ते १९९५ मध्ये कळलं. चौदाव्या गुणसूत्रावर प्रेसेनिलिन-१ नावाचं जनुक आहे, ते त्या वर्षी टोरांटोच्या संशोधकांनी शोधलं. अँतिओकियाच्या कुटुंबांमध्ये याच जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत २८० व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलनिन बसतं. प्रेसेनिलिन हे पेशीच्या पटलात बसलेल्या एका कात्रीचं पातं आहे. ही कात्री अमायलॉइडचं मूळ प्रथिन कापते. पातं बिघडलं की काप नेमक्या जागी बसत नाही आणि अमायलॉइडचे लांब, चिकट तुकडे तुलनेने जास्त तयार होतात. ते एकमेकांना धरून मेंदूत साचतात. पुढे पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात आणि पेशी मरू लागतात. हा बदल आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्यामुळे प्रत्येक अपत्याला धोका पन्नास टक्के. मुलगा असो वा मुलगी, पहिलं असो वा दहावं, प्रत्येक वेळी तेवढाच.

इथे वाचकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या घरातल्या सत्तरी-ऐंशीतल्या आजी-आजोबांना होतो तो अल्झायमर बहुधा या प्रकारचा नसतो. एकाच जनुकातल्या बदलामुळे, ठरल्यासारखा, पिढीजात उतरणारा अल्झायमर एकूण रुग्णांच्या एक टक्क्याहूनही कमी लोकांत असतो. आईला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विसर पडू लागला म्हणून मुलांनी पन्नास टक्क्यांची धास्ती घेण्याचं कारण नाही. पण मेंदूत जे साचतं, ज्या क्रमाने पेशी मरतात, ते दोन्हीकडे पुष्कळ सारखं आहे. म्हणूनच या थोड्या कुटुंबांचा अभ्यास जगभरच्या कोट्यवधी रुग्णांसाठी महत्त्वाचा ठरला.

त्याचं कारण साधं आहे. सर्वसामान्य माणसात आजाराची सुरुवात बघताच येत नाही. पन्नास वर्षांच्या शंभर माणसांपैकी पुढे कोणाला अल्झायमर होणार, हे आपल्याला माहीत नसतं. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. अँतिओकियात मात्र रक्ताच्या तपासणीवरून विशीतल्या माणसाबद्दल सांगता येतं की हा वाहक आहे, आणि साधारण कितव्या वर्षी आजार दिसू लागेल तेही. म्हणजे शेवट माहीत असलेल्या गोष्टीची पहिली पानं वाचता येतात.

ही पानं वाचायला पंधरा वर्षं लागली. १९९५ ते २०१० या काळात त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा बोलावून त्याच त्या चाचण्या घेतल्या गेल्या आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त ४४९ वाहकांचा आलेख छापून आला. त्यातली मधली वयं अशी होती: पस्तिसाव्या वर्षी चाचण्यांत घसरण, पण माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही. अडतिसाव्या वर्षी पहिल्या तक्रारी. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरला नावानिशी सांगता येईल अशी बौद्धिक घट. एकोणपन्नासाव्या वर्षी स्मृतिभ्रंश. एकोणसाठाव्या वर्षी मृत्यू.

या पायऱ्यांमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पस्तीस ते अडतीस यांमधली तीन वर्षं. या काळात माणसाला विचारलं तर तो म्हणेल, मला काही झालेलं नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या बायकोला विचारलं तर तीही तेच म्हणेल. बिघाड फक्त तुलनेत दिसतो. तीही इतरांशी नव्हे, त्याच माणसाच्या आधीच्या गुणांशी केलेल्या तुलनेत. जो माणूस मुळात दहांपैकी नऊ शब्द लक्षात ठेवायचा तो आता सात ठेवतो. सात ही संख्या चारचौघांच्या सरासरीत बसते, म्हणून एकदाच तपासणाऱ्या डॉक्टरला ती निरोगी वाटते. नऊचे सात झाले, हे ज्याच्याकडे जुने कागद आहेत त्यालाच कळणार. पुढे या कुटुंबांच्या आणखी बारीक विश्लेषणात असं दिसलं की शब्दांची यादी ऐकून आठवण्यातली घसरण साधारण ३२ व्या वर्षीच सुरू होते, म्हणजे निदान करता येण्याच्या बारा वर्षं आधी.

चाचणी कशी घ्यायची, हाही इथे मोठा प्रश्न होता. बोधनक्षमतेच्या पुष्कळ चाचण्या शहरी, शाळा-कॉलेज केलेल्या लोकांना समोर ठेवून बनलेल्या आहेत. दोन-तीन इयत्ता शिकलेल्या शेतकऱ्याला त्यात कमी गुण पडले, तर तो आजार आहे की शाळेत न गेल्याचा परिणाम? आकृत्या आणि रंगांची चाचणी म्हणूनच मोलाची ठरली. तिला वाचता-लिहिता येण्याची गरज फारशी लागत नाही. शिवाय नुसत्या वाढत्या वयाने किंवा नैराश्याने ती तशी बिघडत नाही. ज्या आजारात उदासी, भीती आणि खरी घट एकमेकांत मिसळलेली असतात, तिथे ही फार मोठी सोय आहे. ज्याने वडिलांना आणि काकाला असं जाताना पाहिलं, त्याची पस्तिशीत किल्ली हरवली तरी त्याच्या पोटात गोळा येणारच. ती किल्ली धांदलीत हरवली की आजारामुळे, हे त्याला सांगणारं काहीतरी हवं.

चाचण्यांच्याही मागे गेलं तर मेंदूच्या चित्रांत सुरुवात आणखी आधीची दिसते. अमायलॉइडचा साठा दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर तो साधारण २८ व्या वर्षापासून वाढताना दिसतो. याकेल किरोस या अभ्यासक बाईंनी दाखवलेली गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. तरुण, निरोगी वाहकांना चेहरे आणि नावं यांच्या जोड्या लक्षात ठेवायला सांगितल्या. त्यांचे गुण इतरांसारखेच आले, पण त्या वेळी त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, इतरांपेक्षा जास्त सक्रिय होता. तेवढंच काम करायला त्यांच्या मेंदूला जास्त कष्ट पडत होते. पुढे ९ ते १७ वर्षांच्या वाहक मुलांच्या रक्तातही अमायलॉइडचं प्रमाण जास्त आढळलं. शाळकरी वयातच काहीतरी वेगळं चालू असतं. त्याला आजार म्हणायचं का? माझ्या मते म्हणू नये. ज्या मुलाला पुढची पंचवीस वर्षं हसायचं, शिकायचं, प्रेम करायचं आहे त्याला रुग्ण ठरवून आपण त्याचं काहीच भलं करत नाही. पण औषध कधी द्यायला हवं, असा प्रश्न आला तर ही तारीख विसरूनही चालणार नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुइसमधून चालणाऱ्या डायन या आंतरराष्ट्रीय अभ्यासात वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळे जनुकीय बदल असलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या २०१२ च्या अहवालातही हाच क्रम दिसला. अपेक्षित लक्षणांच्या पंचवीस वर्षं आधी मेंदूजलातल्या अमायलॉइडमध्ये फरक, पंधरा वर्षं आधी मेंदूत साठा, दहा वर्षं आधी प्रसंग आठवण्याच्या क्षमतेत घट.

सुरुवात नेहमी स्मरणशक्तीतूनच होते, असं मात्र नाही. कोलंबियाच्या शेजारच्या व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत हंटिंग्टन या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची मोठी कुटुंबं आहेत. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून १९९३ मध्ये जनुक सापडलं. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकी डॉक्टरने १८७२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते अंगाच्या अनावर हालचालींवरून, आणि पुढे शंभरहून अधिक वर्षं हालचाली दिसल्या की आजार सुरू झाला असं धरलं जाई. आता कळतं की त्याच्या कित्येक वर्षं आधी विचारांचा वेग मंदावतो, दोन कामं एकत्र जमत नाहीत, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग किंवा किळस ओळखणं जड जातं. या माणसाला बायकोचं नाव नीट आठवतं, पण ती चिडलीय हे कळत नाही. घरचे त्याला तुसडा म्हणतात, साहेब आळशी म्हणतो, आणि स्वतःतला बदल त्याला स्वतःला बहुतेक वेळा दिसतच नाही. कितीतरी संसार आणि नोकऱ्या निदानाच्या आधीच मोडतात, आणि मोडण्याचं खरं कारण कुणालाच कळलेलं नसतं.

अँतिओकियातही आठवणींच्या सोबतीने इतर गोष्टी येतात. लोपेराच्या १९९७ च्या वर्णनात विसरापाठोपाठ स्वभावातले बदल आणि भाषेची गळती आहे. शेवटच्या टप्प्यात चाल बिघडते, फिट्स येतात. डोकेदुखीही वाहकांमध्ये बरीच आढळली. घरांतलं चित्र याहून कठीण आहे. आजार वडिलांकडून आला असेल तर आई स्वतः धडधाकट राहते, आणि नवऱ्याची सेवा संपल्यावर सत्तरी-ऐंशीत तिला पन्नाशीतल्या मुलांना भरवावं लागतं, कधी एकाच घरात एकाहून अधिक मुलांना. या बायकांचं नाव कोणत्याही शोधनिबंधावर नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनाचा पाया त्यांनी घातलेला आहे. माणसं त्यांनी जगवली म्हणून त्यांच्याकडून काही कळू शकलं. आणि माणूस गेल्यावर त्याचा मेंदू मेडेयिनच्या मेंदूपेढीला द्यायचा की नाही, हा निर्णयही दुःखाच्या त्याच रात्री घरच्यांनीच घेतला.

२०१३ मध्ये याच कुटुंबांमध्ये क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी सुरू झाली. लक्षणं नसलेल्या माणसांना वर्षानुवर्षं औषध देऊन आजार अडवता येतो का, हे पाहायचं होतं. २५२ जण आले, त्यांपैकी १६९ वाहक. बाकीचे वाहक नसताना का घेतले? कारण फक्त वाहकांनाच घेतलं असतं तर चाचणीत निवड झाली म्हणजे आपल्यात तो बदल आहे, हे प्रत्येकाला कळलं असतं, आणि ज्यांना ते जाणून घ्यायचं नव्हतं त्यांच्यावर तो निकाल लादला गेला असता. म्हणून वाहक नसलेल्यांनीही किमान पाच वर्षं औषधाविना इंजेक्शनं घेतली, तपासण्या करून घेतल्या, मेडेयिनच्या खेपा घातल्या. स्वतःला काडीचा फायदा नसताना, भावाचं गुपित गुपित राहावं म्हणून. २०२२ मध्ये निकाल आला. औषधाने संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक पडला नव्हता.

तोवर याच कुळातून वेगळीच वाट दिसली होती. तिथल्या एका स्त्रीमध्ये तो बदल होता, तरी चव्वेचाळीस गेलं, पन्नास गेलं, साठ गेलं, आणि सौम्य विसर सुरू झाला तो थेट सत्तरीनंतर. तिला बॉस्टनला नेऊन मेंदूची चित्रं काढली तेव्हा अमायलॉइड भरपूर होतं, बहुतेक रुग्णांपेक्षाही जास्त. टाऊच्या गुंतवळी मात्र थोड्याच. तिच्या एपोई या जनुकात क्राइस्टचर्च नावाचा दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींत होता. न्यूझीलंडमधल्या ज्या शहरात तो पहिल्यांदा सापडला त्याचं नाव त्याला मिळालेलं आहे. २०१९ मध्ये हे जगापुढे आलं. २०२३ मध्ये याच कुळातला एक पुरुष सापडला. त्याची बुद्धी ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत होती आणि त्याचं संरक्षण रीलिन या दुसऱ्याच जनुकातल्या बदलाने केलं होतं. अमायलॉइड साचलं की पुढचं सगळं अटळ, ही समजूत या दोन माणसांमुळे ढिली झाली. साठा आणि विसर यांच्यामध्ये कुठेतरी एक दार आहे आणि ते बंद करता येतं.

२०२४ मध्ये लोपेरा वारला. त्याच वर्षी त्याचा, किरोस आणि इतरांचा आणखी एक अहवाल छापून आला. कुळातल्या २७ वाहकांमध्ये क्राइस्टचर्च बदलाची एकच प्रत सापडली होती. तुलनेसाठी घेतलेल्या, क्राइस्टचर्च नसलेल्या वाहक नातलगांशी ताडून पाहिलं तर त्यांच्यात बौद्धिक घटीचं मधलं वय ४७ ऐवजी ५२ निघालं आणि स्मृतिभ्रंशाचं ५० ऐवजी ५४. दोन प्रतींनी जवळजवळ तीस वर्षं मिळाली होती, एका प्रतीने चार-पाच. संशोधनाच्या भाषेत हा माफक परिणाम आहे. पण सत्तेचाळिशीतल्या बापाची धाकटी मुलगी बारा वर्षांची असते आणि बावन्नाव्या वर्षी ती सतराची. आता या बदलाची नक्कल करणारी प्रतिपिंडं बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि उंदरांवरचे पहिले निष्कर्ष आशादायक आहेत. असं औषध खरोखर तयार झालं, तर ते आधी यारुमाल आणि अँगोस्तुराच्या घरांत, फुकट पोचलं पाहिजे, आणि पोचायला हवं ते पंचेचाळिशीत नव्हे, पंचविशीत.